चांद्याच्या जंगलातला १८५७ : वीर बाबुराव शेडमाके
१८५७ म्हटलं की मेरठ, कानपूर, झाशी आठवतं. आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर-गडचिरोली, त्या लढ्यात होता हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

बाबुराव शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरी तालुक्यातील किष्टापूरचा. घर गोंड जमीनदाराचं. १८५४ मध्ये चांदा इंग्रजांकडे गेला. बाबुरावांनी आदिवासी तरुणांची जंगोम सेना उभारली आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्लीचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला चिंचगुडी इथं तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज ठार झाले.

जंगलात बाबुराव काही हाती लागेनात. मग कॅप्टन क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. शेवटी १८ सप्टेंबरला आपल्याच माणसांनी त्यांना पकडून दिलं.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघं २५. इंग्रजांच्या लेखी ते बंडखोर होते. त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघायला २००९ साल उजाडलं. पोरांना झाशी शिकवताना किष्टापूरही सांगायला हवं.