आधी विद्यार्थी, मग गुरुजी : फादर आलेक्झांडर दे ऱ्होड



परक्या देशात शिकवायला जाणाऱ्याला वाटते, आपल्याजवळ आहे ते त्या लोकांना द्यायचे. पण आधी त्यांच्याकडून घ्यावे लागते. व्हिएतनामी लोकांमध्ये राहिलेल्या फादर आलेक्झांडर दे ऱ्होड यांच्या जीवनातून आपण आज हाच धडा घेऊ या.

फादर दे ऱ्होड मूळचे आविन्यो शहराचे. १६१२ साली ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. त्यांना जपानला जायचे होते. ऑक्टोबर १६१९ मध्ये त्यांचे जहाज गोव्याला लागले. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स त्याच वर्षी गोव्यात देवाघरी गेले होते. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असल्याने फादर दे ऱ्होड यांना सुमारे अडीच वर्षे इकडेच थांबावे लागले. इथे एक गोष्ट त्यांना खटकली. स्नानसंस्कार घेणाऱ्यांना आपला देशी पेहराव सोडावा लागे. प्रभू येशूने मागितले नाही ते आपण का मागावे, असा त्यांचा विचार होता.

डिसेंबर १६२४ मध्ये ते व्हिएतनामच्या दक्षिण भागात, म्हणजे कोचिनचीनमध्ये पोहोचले. तिथली भाषा प्रथम कानावर पडली तेव्हा त्यांना ती पाखरांच्या किलबिलाटासारखी वाटली. ही आपल्याला येणे नाही, म्हणून त्यांनी आशाच सोडली. या भाषेत हेल बदलला की अर्थ बदलतो. ‘मा’ हा एकच उच्चार सहा हेलांत भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे वेगवेगळे अर्थ देतो!

तिथे फादर फ्रान्सिस्को दे पिना ही भाषा अस्खलित बोलत. त्यांच्याकडून फादर दे ऱ्होड शिकलेच, पण त्यांचा दुसरा गुरू होता एक लहान मुलगा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी तीन आठवड्यांत त्या मुलाने फादरांना सगळे हेल शिकवले, आणि स्वतः लॅटिन वाचायला, लिहायला व मिस्सेत सेवा करायला शिकला. सहा महिन्यांनी फादर लोकांच्या भाषेत प्रवचन करू लागले.

मार्च १६२७ मध्ये ते उत्तरेकडील तोंकिनला गेले. तिथला सत्ताधीश त्रिन्ह त्रांग याला त्यांनी घड्याळ भेट देऊन ते कसे चालते हे समजावून सांगितले. लोकांना ते आठ दिवसांत, क्रमाक्रमाने धर्मशिक्षण देत. देवाला ते ‘आकाश व पृथ्वीचा प्रभू’ म्हणत. लोक पापनिवेदनासाठी रात्री येत. जागरणाने थकवा येई, डोके दुखे, तेव्हा तिथला चहाच त्यांच्या उपयोगी पडे. त्या चहाचे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात मनापासून कौतुक केले आहे.

१६३० साली त्यांना हद्दपार करण्यात आले. पुढची दहा वर्षे त्यांनी मकावमध्ये ईशज्ञान शिकवले. १६४० नंतर ते पुन्हा कोचिनचीनला जाऊ लागले. आपल्याला केव्हाही हाकलतील हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी स्थानिक तरुणांना धर्मशिक्षक म्हणून तयार केले. हे तरुण अविवाहित राहत, मिळेल ते सामाईक ठेवत आणि औषधोपचारही शिकत.

त्यांतलाच एक आंद्रे. १६४४ साली शिपाई दुसऱ्याच धर्मशिक्षकाला धरायला आले होते. तो घरी नव्हता, म्हणून त्यांनी आंद्रेला नेले. २६ जुलैला त्या सुमारे १९ वर्षांच्या मुलाचा वध झाला. फादर दे ऱ्होड त्याच्याजवळ उभे होते. ज्याला आपण शिकवले त्याला मरताना पाहणे, याहून मोठे दुःख गुरूला कोणते? पण त्या दिवशी शिष्याने गुरूलाच श्रद्धेचा धडा दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ५ मार्च २००० रोजी आंद्रेला ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले.

१६४५ साली फादरांना कायमचे घालवून देण्यात आले. रोमला जाऊन त्यांनी व्हिएतनामसाठी बिशप मागितले, म्हणजे तिथल्याच मुलांना गुरुदीक्षा मिळेल. १६५१ मध्ये त्यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला गेला. आपल्याआधी शब्द जमवणाऱ्या फादर अमराल व फादर बार्बोझा यांचे ऋण त्यांनी त्यात नमूद केले. मिशनऱ्यांनी व त्यांच्या स्थानिक सोबत्यांनी घडवलेली ती रोमन लिपी पुढे साऱ्या व्हिएतनामची झाली. आज तिथली शाळकरी मुले तीच गिरवतात.

फादरांना मात्र व्हिएतनाम पुन्हा दिसले नाही. त्यांना इराणला पाठवण्यात आले. उतारवयात तिथली भाषाही ते शिकले आणि ५ नोव्हेंबर १६६० रोजी इस्फहान येथे देवाघरी गेले. व्हिएतनामचे पहिले स्थानिक धर्मगुरू १६६८ साली अभिषिक्त झाले.

आपणही कुणाचे आईवडील आहोत, कुणाचे शिक्षक, कुणी रविवारी धर्मशिक्षण देतो. आपल्यासमोर बसलेल्या लहानग्याकडून शिकण्याची नम्रता आपल्याला लाभो, आणि आपल्यामागेही काम चालू राहील अशी माणसे आपल्या हातून घडोत, हीच प्रार्थना.