रिचर्ड बॅक्स्टर आणि राजाचें पुनरागमन

इंग्लंडांत राजा व पार्लमेंट सभा यांच्यामध्यें मोठें युद्ध होऊन 1649 सालीं पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, आणि पुढें अकरा वर्षें त्या देशांत राजा नव्हता. 1660 सालीं त्याच राजाच्या पुत्रास बोलावून आणून गादीवर बसविण्यांत आलें. या राज्यपालटाशीं ज्या एका पाळकाचें सुखदुःख जोडलेलें होतें, त्या रिचर्ड बॅक्स्टर यांचें वृत्त आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

बॅक्स्टर यांचा जन्म 1615 सालीं श्रॉपशर परगण्यांतील रोटन या खेड्यांत झाला. विद्यापीठाचें शिक्षण त्यांस मिळालें नाहीं. शिकले तें बहुतेक स्वतः पुस्तकें वाचून. प्रकृति जन्मभर रोगट. 1641 सालीं ते किडरमिन्स्टर येथें आले. हा विणकरांचा गांव, सुमारें 800 कुटुंबांचा. मध्यें युद्धामुळें त्यांस तेथून निघावें लागलें, व कांहीं काळ ते पार्लमेंटाच्या सैन्यांत पाळक होते. परत आल्यावर त्यांनीं जें काम केलें, तें आमच्या उपदेशक बंधूंनीं नीट ध्यानांत घ्यावें. दर सोमवारीं व मंगळवारीं ते व त्यांचे सोबती एकेका कुटुंबास घेऊन बसत, ख्रिस्ती शिक्षणाचीं प्रश्नोत्तरें म्हणवीत, आणि प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस करीत. वर्षभरांत साऱ्या गांवाची फेरी पुरी व्हावी, असा त्यांचा बेत असे. असें दोन दिवस बसून माणूस किती थकतो, हें ज्यांनीं केलें त्यांसच ठाऊक! पुढें मंदिरांत माणसें मावेनात, म्हणून आंत पांच सज्जे बांधावे लागले. विणकर मागापुढें पुस्तक उघडून ठेवीत आणि विणतां विणतां वाचीत.

सैन्यांत राहूनही बॅक्स्टर यांस राजाचा वध अधर्म वाटला. ऑलिव्हर क्रॉमवेल सर्वाधिकारी असतां त्यांनीं त्याच्या तोंडावर विचारिलें, कीं लोक आपलें जुनें राजपद कल्याणाचें मानितात, तें त्यांनीं कोणत्या अपराधानें गमाविलें? क्रॉमवेल रागावला. तो 1658 सालीं मेला, आणि त्याचा पुत्र रिचर्ड याच्यानें राज्य सांवरेना. तेव्हां सेनापति मंक स्कॉटलंडांतून फौज घेऊन लंडनास आला, व नवें पार्लमेंट भरलें. 30 एप्रिल 1660 रोजीं त्या सभेपुढें उपदेश करण्यास बॅक्स्टर यांस बोलाविलें होतें. दुसऱ्याच दिवशीं सभेनें राजास परत आणण्याचा ठराव केला. ब्रेडा शहराहून राजानें आधींच कळविलें होतें, कीं राज्याची शांति न मोडणाऱ्या कोणासही धर्ममताच्या भेदास्तव त्रास होणार नाहीं. 29 मे रोजीं, आपल्या तिसाव्या वाढदिवशीं, दुसरा चार्ल्स लंडनांत शिरला.

बॅक्स्टर यांस राजाचे धर्मोपदेशक नेमिलें, व हेरफर्डचें बिशपपदही देऊं केलें. तें त्यांनीं नाकारिलें. त्यांचें मागणें एवढेंच, कीं आपणांस विणकरांकडे जाऊं द्यावें; दुसऱ्याच्या हाताखालचा पाळक म्हणूनही चालेल. तेंही मिळालें नाहीं.

1662 सालीं नवा कायदा झाला. प्रार्थनापुस्तकांतील सर्व गोष्टींस जो पाळक पूर्ण संमति देणार नाहीं, त्यानें 24 ऑगस्टपर्यंत मंडळी सोडावी. त्या दोनतीन वर्षांत मिळून सुमारें 2000 पाळक घराबाहेर पडले. आमच्या मतें याचा सारा दोष राजावर घालणें बरोबर नाहीं. मागील वर्षांचा सूड घेण्यास उतावळे झालेले लोक पार्लमेंटांतच पुष्कळ होते.

बॅक्स्टर यांनीं पाळकपण सोडिलें, पण मन विकलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं मार्गारेट चार्लटन हिच्याशीं लग्न केलें. 1669 सालीं घरीं उपदेश केल्यावरून त्यांस तुरुंगांत घातलें, तेव्हां ही बाई आपला चांगला बिछाना घेऊन आनंदानें बरोबर गेली. ती 1681 सालीं वारली. पुढें 1685 सालीं, वयाच्या सत्तरीस टेकलेले असतां, नव्या करारावरील टीकेंत बिशपांची निंदा केली असा आरोप येऊन न्यायाधीश जेफ्रीज यानें त्यांस भर कचेरींत शिव्या दिल्या व 500 मार्क दंड केला. दंड न भरल्यामुळें ते सुमारें दीड वर्ष कैदेंत राहिले.

1689 सालीं वेगळ्या मंडळ्यांस उपासनेची मोकळीक देणारा कायदा झाला, तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. 8 डिसेंबर 1691 रोजीं लंडन येथें ते प्रभूपाशीं गेले. किडरमिन्स्टर येथें 1875 सालीं त्यांचा पुतळा उभारिला, त्यास राजमान्य मंडळीनें व वेगळ्या मंडळ्यांनीं मिळून वर्गणी दिली.