कापडाला चालायला लावणारा विल्सन

शिवणाचे यंत्र चालू असले की सगळ्यांचे लक्ष सुईकडे जाते. तिच्याखाली, पत्र्याच्या फटीतून डोकावणाऱ्या बारीक दात्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. कापड पुढे नेतात ते हे दाते. सुई वर गेली की ते वर येतात, कापड धरून पुढे सरकवतात, पत्र्याखाली बुडी मारतात आणि गुपचूप मागे जातात. या चार हालचालींचा जनक अमेरिकेतला अ‍ॅलन बेंजामिन विल्सन.

विल्सन न्यूयॉर्क राज्यातल्या विलेट गावचा. कपाटे, टेबले बनवणारा सुतार. प्रकृती तोळामासा आणि खिसा रिकामा. शिवणयंत्राचा ध्यास मात्र त्याला तरुणपणीच लागला.

त्या काळची अडचण टाका घालण्याइतकीच कापड सरकवण्याचीही होती. एलायस हाउच्या १८४६ च्या यंत्रात कापड पट्टीवरच्या टाचण्यांना उभे टांगावे लागे. पट्टी संपली की काम थांबवायचे, कापड काढून पुन्हा टांगायचे. शिवण सरळच यायची. सिंगरने १८५१ मध्ये खाली दातेरी चाक बसवले. शिवण अखंड झाली, पण चाक कापडाला सोडत नसे. विल्सनच्या १८५० च्या पहिल्या पेटंटमध्येही दाते नुसतेच पुढे-मागे होत. १८५४ च्या डिसेंबरात त्याने त्यांना वर-खाली होण्याचीही जोड दिली. आता दाते क्षणभर कापड मोकळे सोडू लागले. सुई कापडात ठेवून कापड हवे तसे वळवता येऊ लागले. गळा, काखा, कॉलर यांची गोलाई यंत्राच्या आवाक्यात आली ती अशी.

नॅथॅनिएल व्हीलर या कारखानदाराबरोबर त्याने काढलेल्या कंपनीची यंत्रे धडाक्याने खपली. हाताने १४ तास २६ मिनिटे लागणारा पुरुषी सदरा यंत्रावर १ तास १६ मिनिटांत होतो, असा कंपनीच्याच चाचणीचा हिशेब होता. (जाहिरातीतले आकडे जपूनच घ्यावेत, पण निम्मे धरले तरी थोडे नव्हे!)

विल्सन मात्र प्रकृतीपायी १८५३ मध्येच कामातून बाजूला झाला होता. त्याआधी गरिबीमुळे पहिल्या पेटंटचा अर्धा हिस्सा त्याने अवघ्या २०० डॉलरना विकला होता. तारणाचे कागद तपासण्यात उमर गेलेल्या माझ्यासारख्याला हा आकडा टोचतो. सोने, घर, शेत तारण ठेवता येते. डोक्यातली कल्पना कोण ठेवून घेणार? पहिल्या चौदा वर्षांत आपल्याला जेमतेम खर्च सुटला, पुढच्या सात वर्षांच्या मुदतवाढीत १ लाख ३७ हजार डॉलर मिळाले, असे सांगून १८७४ मध्ये त्याने अमेरिकी संसदेकडे आणखी मुदत मागितली. ती मिळाली नाही. पेटंटे मूठभर कंपन्यांनी एकत्र बांधून ठेवली होती, त्यामुळे यंत्रे महाग होती. मुदतवाढ म्हणजे घरोघरच्या शिवणाऱ्या बायकांच्या खिशाला आणखी चाट. संसदेचे चुकले असे मला म्हणवत नाही, आणि विल्सनचे तर मुळीच नाही.

१८८८ च्या एप्रिलमध्ये कनेटिकटमधल्या वुडमॉन्ट येथे तो वारला. १९०५ मध्ये त्याची कंपनी सिंगरने घेतली. दाते मात्र कारखान्यांत अजून चालताहेत. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टच्या कापडासाठी दात्यांच्या दोन जोड्या वेगवेगळ्या गतीने चालतात, तर जाड कातड्यासाठी वरचा दाबणारा पायही पाऊल टाकत पुढे येतो.