पहिल्या लघुग्रहाचे शोधक : जुझेप्पे पियात्सी

जुझेप्पे पियात्सी यांचा जन्म १७४६ साली उत्तर इटलीतील पोंते या गावी झाला. तरुणपणीच ते धर्मसंघात शिरले आणि पुढे सिसिली बेटावरील पालेर्मो येथे प्राध्यापक झाले. १७९० मध्ये तेथे वेधशाळा उभी राहिली. लंडनच्या रॅम्सडेन यांनी घडविलेल्या वर्तुळयंत्राने पियात्सी ताऱ्यांची स्थाने मोजू लागले. प्रत्येक तारा अनेक रात्री पुनःपुन्हा मोजायचा, हा त्यांचा दंडक होता.

या दंडकानेच शोध घडला. १ जानेवारी १८०१ रोजी वृषभ राशीत नोंदलेला एक अंधुक ‘तारा’ दुसऱ्या रात्री किंचित सरकलेला आढळला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचा मागोवा घेतला. मग ते आजारी पडले आणि तो बिंदूही सूर्यतेजात लोपला. हाती उरली मोजकी निरीक्षणे. पण ती इतकी चोख होती की, चोवीस वर्षांच्या गाउस यांनी त्यांवरून कक्षा काढली आणि ३१ डिसेंबरला फॉन झाख यांना तो पुन्हा सापडला! मंगळ व गुरू यांच्या दरम्यान तो ४.६ वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतो.

पियात्सींनी त्याला धान्यदेवता सेरेस आणि राजा फर्डिनंड अशी जोडनावे दिली. राजाचे नाव गळाले, देवतेचे उरले. राजाने सुवर्णपदक देऊ केले, तेव्हा त्यांनी त्याऐवजी वेधशाळेसाठी दुर्बीण मागितली.

१८२६ मध्ये नेपल्स येथे त्यांचे निधन झाले. सेरेस २००६ पासून बटुग्रह गणला जातो. हजाराव्या लघुग्रहाला पियात्सींचे नाव आहे. रोजचे काम निष्ठेने करणाऱ्या या मोजणीदाराने ते मागितले मात्र नव्हते.