लोकमान्य टिळक आणि आरोपीचे हक्क



१ ऑगस्ट ही लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांची पुण्यतिथी. शेंगांच्या टरफलांची गोष्ट, केसरी, गणेशोत्सव, मंडालेचा तुरुंग आणि गीतारहस्य हे सर्व आपल्या मुलांना भाषणे करून करून तोंडपाठ झाले आहे. म्हणून आम्ही यंदा त्यांच्या जीवनाची निराळी बाजू सांगणार आहोत. राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना तीन वेळा न्यायालयाला तोंड द्यावे लागले. त्यांपैकी तिसऱ्या प्रकरणाचे मूळ आपल्या बेळगावात आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. गणित हा त्यांचा आवडता विषय, पण १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पुढे पुण्यात ते कायद्याचे वर्गही चालवीत. हे शिक्षण आपल्याच बचावासाठी उपयोगी पडेल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

पहिला खटला १८९७ सालचा. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात लोकांचा छळ झाला आणि जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर केसरीतील मजकुरावरून टिळकांना अटक झाली. आधी जामीन नाकारला गेला, नंतर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. जामिनासाठी टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. खटल्यात ज्युरीचे नऊ सभासद होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला आणि टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली. सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितला होता. असा अर्थ लावला तर कोण निर्दोष सुटणार?

दुसरा खटला १९०८ सालचा. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर केसरीत आलेल्या लेखांवरून टिळकांना पुन्हा पकडले. आता न्यायासनावर तेच दावर होते आणि या वेळी त्यांनी जामीन नाकारला. विशेष ज्युरी नेमू नये, तिच्यात मराठी न जाणणारे युरोपियनच जास्त येतील, ही हरकतही मान्य झाली नाही. ज्युरीत सात युरोपियन व दोन पारशी आले. लेख मराठी, आणि ज्युरीपुढे मात्र त्यांची इंग्रजी भाषांतरे! टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. ते अनेक दिवस मिळून सुमारे २१ तास बोलले. भाषांतरात शब्दांचे अर्थ कसे बदलले आहेत, हे त्यांनी एकेक शब्द घेऊन दाखविले. तरीही २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी ब्रह्मदेशातील मंडाले येथे भोगली आणि जून १९१४ मध्ये ते परत आले.

आता आपले बेळगाव. एप्रिल १९१६ च्या अखेरीस येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली. गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे कार्यकर्ते टिळकांच्या पाठीशी होते. याच वेळी येथे होमरूल लीगची स्थापना झाली. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात मराठीत भाषण केले, त्यानंतर अहमदनगरला दोन भाषणे झाली. पोलिसांनी ती टिपून घेतली. टिळकांची साठी साजरी होत असतानाच त्यांच्या हाती नोटीस पडली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी भाषणांतील सुटी वाक्ये न धरता भाषणे सबंध वाचली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. सरकार तेच होते आणि कायदाही तोच होता. फरक पडला तो ऐकून घेण्यात, असे आम्हांस वाटते.

टिळकांनी हा अनुभव घेतला तेव्हा आपल्याला संविधान नव्हते. आज अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, पसंतीचा वकील घेता येतो आणि सर्वसाधारणपणे अटक केलेल्याला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही. साक्षीची भाषा आरोपीला कळत नसेल तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावी, असा कायदा आहे. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. टिळकांवर लावलेल्या कलम १२४-अ ला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. राज्याविरुद्धच्या कृत्यांची कलमे नव्या संहितेतही आहेत, म्हणून जागरूक राहणे आलेच.

पालकांना हे सांगण्याचे कारण आहे. बेळगाव-निपाणी भागात सीमालढ्यामुळे समन्स, जामीन आणि तारीख हे शब्द अनेक घरांना नवीन नाहीत. कागद कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, अर्थ समजल्याशिवाय सही करू नये. मुलांनी मराठीबरोबर कन्नडही मन लावून शिकावी. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता आले पाहिजे. आणि गल्लीत कोणाला पोलिसांनी नेले म्हणजे तो गुन्हेगार ठरला, असे मुलांसमोर बोलू नये.

आम्हा शिक्षकांनाही यातून धडा आहे. टरफलांच्या गोष्टीत मास्तरांनी कोणालाही न विचारता साऱ्या वर्गाला दोषी धरले होते. म्हणून यावर्षी शाळेत एक नियम राहील. विद्यार्थ्यावर तक्रार आली तर ती काय आहे हे प्रथम त्याला सांगावे, त्याचे म्हणणे पुरते ऐकावे, आणि मगच शिक्षेचा विचार करावा. लोकमान्यांना हीच आमची आदरांजली.