एका यंत्रात अनेक यंत्रे

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गातील फळा एकच असतो. उर्दूच्या तासाला त्यावर उजवीकडून डावीकडे लिहितात आणि मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे. फळा तोच राहतो, लिहिण्याचे नियम बदलतात. संगणकाचेही असेच आहे. संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. विंडोज व लिनक्स ही त्यांतील दोन नावे तुम्ही ऐकली असतील. विंडोज तशीच ठेवून तिच्या आत, एका चौकटीत, लिनक्स चालवता येते. जणू एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक! त्याला आभासी संगणक म्हणतात. या कल्पनेचे मूळ ज्यांच्या विचारात सापडते, त्या अॅलन ट्युरिंग यांची ही ओळख.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. आईवडील बराच काळ हिंदुस्थानात राहत. त्यामुळे अॅलन व त्यांचा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबात वाढले.

१९२६ मध्ये अॅलन नव्या शाळेत निघाले, तेव्हा देशभर संप होता. आगगाड्या बंद होत्या. तेरा वर्षांचा हा मुलगा सायकलवरून सुमारे ९७ किलोमीटर गेला. वाटेत फक्त एक रात्र थांबला. आपण बिबवेवाडीहून सायकलने निघून सातारा जवळ येईपर्यंत जावे, तेवढे हे अंतर!

शाळेत त्यांना ख्रिस्तोफर मॉरकॉम हा जिवलग मित्र मिळाला. दोघांनाही विज्ञानाची आवड होती. १९३० मध्ये ख्रिस्तोफर आजाराने वारला. अॅलन यांना फार दुःख झाले, पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. पुढे ते केंब्रिज येथे गणित शिकले.

१९३६ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक काल्पनिक यंत्र होते. ते लांब कागदी पट्टीवरील एकेक खूण वाचते, नियमाप्रमाणे नवी खूण लिहिते आणि पुढे किंवा मागे सरकते. मग ट्युरिंग यांनी दाखवून दिले, की असे एकच यंत्र बाकी सर्व यंत्रांचे काम करू शकते. त्यासाठी दुसऱ्या यंत्राचे नियम पट्टीवर लिहून दिले म्हणजे पुरे. प्रत्येक कामाला वेगळे यंत्र नको.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्याचे निरोप एनिग्मा या यंत्राने गुप्त लिपीत लिहिले जात. पोलंडच्या गणितज्ञांनी ती लिपी उलगडण्यास आधीच सुरुवात केली होती. ट्युरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले. मात्र हे कार्य अनेक वर्षे गुप्त राहिले. युद्धानंतर त्यांनी खऱ्या संगणकाचा आराखडा तयार केला.

ज्या देशासाठी त्यांनी एवढे केले, त्या देशाने त्यांच्यावर अन्याय केला. १९५२ मध्ये समलैंगिकतेविरुद्धच्या त्या वेळच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, विषामुळे त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर माफी देण्यात आली. न्याय मिळाला, पण तो पाहायला ते नव्हते.

त्यांची कल्पना मात्र वाढत गेली. १९७२ मध्ये आयबीएम कंपनीने मोठ्या संगणकांत अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय बाजारात आणली. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने साध्या संगणकांसाठी तसा प्रोग्राम काढला. यात बाहेरची सिस्टिम यजमान आणि आतली पाहुणी. दोघींना एकाच संगणकाची मेमरी वाटून घ्यावी लागते. म्हणून मेमरी कमी असेल, तर काम मंदावते. परंतु पाहुणी बिघडली, तरी यजमान सहसा सुरक्षित राहते. पाहुणी पुसून टाकावी आणि पुन्हा नव्याने शिकावे.

मित्रांनो, आपल्या बिबवेवाडीतील एखाद्या घरात सगळ्या भावंडांना मिळून एकच संगणक असेल. तरी निराश होऊ नका. त्या एकातही अनेक यंत्रे दडलेली आहेत. संगणक बनण्यापूर्वीच, केवळ विचाराच्या बळावर, ट्युरिंग यांनी ती पाहिली होती.