वैमानिक ॲमी जॉन्सन

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरांत एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरीं १ जुलै १९०३ रोजीं ॲमी जॉन्सनचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास संपवून ती लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत नोकरी करूं लागली. फावल्या वेळीं ती स्टॅग लेन येथें विमान चालविण्यास शिकली. यंत्र उकलून पुन्हा जोडण्याची विद्याही तिनें हस्तगत केली, व १९२९ सालीं दोन्ही कामांचे परवाने मिळविले.

५ मे १९३० रोजीं ‘जेसन’ नांवाच्या लहानशा जिप्सी मॉथ विमानांतून ती क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियास निघाली. सहा दिवसांत तिनें कराची गांठली. पुढें पेट्रोल सरल्यामुळें झांशीस लष्कराच्या कवाइतीच्या मैदानावर उतरावें लागलें. रंगूनजवळ, घोडदौडीचें मैदान समजून ती इन्सीन येथील एका विद्यालयाच्या क्रीडांगणावर उतरली. विमान खड्ड्यांत गेलें व त्याचा पंखा मोडला. तेथील मंडळींच्या साहाय्यानें दुरुस्ती करून २४ मे रोजीं ती डार्विन येथें पोहोंचली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीनें उडत जाणारी ती पहिली स्त्री होय. परंतु पांचच दिवसांनीं ब्रिस्बेन येथें, हजारों लोक स्वागतास उभे असतां, थकलेल्या ॲमीचा अंदाज चुकला. विमान मैदानाबाहेर जाऊन उलथलें. सुदैवानें ती बचावली.

लहान विमान उतरवितांना वेग, उंची व वारा या तिहींकडे एकदम अवधान द्यावें लागतें. वेग अधिक राहिला, तर विमान भूमीस न टेकतां पुढें तरंगत जातें; फार घटला, तर पंखांचा आधार सुटतो. श्रमानें वा गलबल्यानें चित्त क्षणभर ढळलें, तर सावरण्यास उंचीच उरत नाहीं. १९३३ सालीं पति जिम मॉलिसन यांजसह अटलांटिक ओलांडल्यावरही हाच अनुभव आला. पेट्रोल संपत आलेलें, रात्र पडलेली, दोघेंही गळून गेलेलीं. अशा स्थितींत ब्रिजपोर्ट येथें उतरतांना विमान मोडलें व दोघांस दुखापत झाली.

महायुद्धांत विमानें ठिकठिकाणीं पोहोंचविण्याचें काम तिनें पत्करलें. ५ जानेवारी १९४१ रोजीं दुष्ट हवेंत टेम्स नदीच्या मुखाशीं ती पाण्यांत पडली. तिला वांचविण्यासाठीं उडी घालणारे नौदलाचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर हेही मृत्यु पावले. तिचा देह सांपडला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हजारों मैलांचा प्रवास धैर्यानें पुरा होतो. परंतु अखेरचीं कांहीं पावलें सावधपणावांचून पुरीं होत नाहींत. कार्य तडीस गेलें असें वाटूं लागतें, तेव्हांच चित्त अधिक स्थिर ठेवावें, हा बोध या साध्वी वीरांगनेच्या चरित्रापासून आपण घ्यावा.